जुना स्मार्टफोन : गुण, मर्यादा आणि शाळा

(केंद्रातील शिक्षकांच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा सारांश)



शालेय साहित्याचा विचार करताना फळा, खडू, नकाशा व गणितपेटी या वस्तूंची गणना आपण नित्य करतो. परंतु गेल्या काही वर्षांत आणखी एक वस्तू, शासनाने पुरविलेली नसतानाही, विद्यार्थ्याच्या अभ्यासात येऊन बसली आहे. ती वस्तू म्हणजे त्याच्या घरातील मोबाईल. हा मोबाईल बहुधा नवा नसतो. थोरल्या भावाने वा मुंबई-पुण्यास नोकरी करणाऱ्या काकाने नवा घेतला, की जुना घराकडे येतो. तेव्हा जुन्या मोबाईलचे बलाबल ओळखणे हा आता शिक्षकाच्या व्यवसायज्ञानाचाच एक भाग झाला आहे.

विवेचनास एक निश्चित उदाहरण असावे, म्हणून ‘मोटो जी’ या फोनची पहिली आवृत्ती घेऊ. तो नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये भारतात विक्रीस आला. ८ जीबी साठवणीच्या फोनची किंमत १२,४९९ रुपये व १६ जीबीच्या फोनची १३,९९९ रुपये होती. साडेचार इंचांचा स्वच्छ पडदा, १ जीबी स्मृती, चार गाभ्यांचा प्रक्रियक, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, दोन सिमकार्डांची सोय आणि २०७० एमएएच क्षमतेची बॅटरी, असे त्याचे स्वरूप होते. त्या किमतीत इतका चांगला पडदा व इतके सुरळीत काम त्या वेळी सहसा मिळत नसे. त्यामुळे मध्यम मिळकतीच्या अनेकांनी तो आनंदाने घेतला.

वापरणाऱ्यांचा अनुभव दोन प्रकारचा होता. फोन हातात चांगला बसतो, एकदा भारित केला की साधारण वापरात दिवस निभावतो, पाठीचे झाकण बदलता येते, आणि कानयंत्राची तार जोडली की एफएम रेडिओही ऐकता येतो, याचे त्यांना समाधान होते. उलटपक्षी, ८ जीबीपैकी प्रत्यक्ष वापरास सुमारे ५ जीबीच उरत आणि बाहेरून स्मृतिपत्र घालण्याची खाच नव्हती. लग्नसमारंभाची छायाचित्रे व सकाळ-संध्याकाळचे शुभेच्छासंदेश साठत गेले, की ‘जागा शिल्लक नाही’ ही सूचना येई. मंद प्रकाशात कॅमेराही समाधानकारक चित्र घेत नसे. ही उणीव पहिल्या दिवसापासूनच होती. ती जाणवण्यास मात्र वर्ष-दोन वर्षे लागली.

आता प्रश्न असा, की न मोडलेला फोन जुना होतो तो कशाने? त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण जाळ्याचे. हा फोन २जी व ३जी जाळ्यांसाठी बनलेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा केवळ ४जी जाळ्यावर सुरू झाली. तिचे सिमकार्ड या फोनमध्ये चालत नाही. पुढे २०१९ पासून एअरटेलने आपली ३जी सेवा टप्प्याटप्प्याने बंद केली. फोन तोच राहिला. त्याच्या पायाखालचा रस्ता मात्र बदलला. बोलणे होते, पण चित्रफीत येत नाही.

दुसरे कारण कार्यप्रणालीचे. या फोनबरोबर अँड्रॉइडची ४.३ आवृत्ती आली, पुढे ४.४ व ५ या आवृत्त्या मिळाल्या आणि नंतर सुधारणा थांबल्या. ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपला अँड्रॉइड ५.० अथवा त्याहून नवी आवृत्ती लागू लागली. ज्यांनी आपला फोन ४.४ वरच ठेवला होता, त्यांचे संदेश त्यामुळे थांबले. शिवाय एखादे संकेतस्थळ खरे आहे की नाही, हे फोन आपल्याजवळच्या विश्वसनीय प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरवितो. ती यादी जुनी राहिली, म्हणजे खऱ्या स्थळावरही ‘असुरक्षित’ असा इशारा येतो. अशा वेळी दोष स्थळाचा नसतो, वापरणाऱ्याचाही नसतो.

तिसरे कारण बॅटरीचे. लिथियम-आयन बॅटरी वापराने व उष्णतेने झिजते. सतत पूर्ण भारित ठेवणे, पत्र्याच्या छपराखाली वा उन्हात ठेवणे, या गोष्टी तिचे आयुष्य घटवितात. बॅटरी फुगून फोनची पाठ किंवा पडदा उचलला गेला असेल, तर तो फोन तत्काळ वापरातून काढावा. त्यास टोचू नये, दाबू नये आणि मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

ही तांत्रिक माहिती शिक्षकास कशासाठी हवी, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवरून सुरू झाला. एका द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक रोज दहा मिनिटांची चित्रफीत पाठवीत. चौथीतील एका मुलाकडून उत्तर येत नसे. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा ओळीने पडत गेला. पालक उदासीन आहेत, असा समज झाला. अखेर शिक्षक त्याच्या घरी गेले. घरात असाच एक जुना फोन होता; तो वडिलांबरोबर दिवसभर कामावर जाई आणि रात्री घरी येई. चित्रफीत त्यात उतरत नसे, कारण जाळे मंद होते व जागाही उरली नव्हती. परंतु वर्गाच्या गटावर कधीमधी येणारी लेखी उदाहरणे त्या मुलाने पडद्यावरून वहीत उतरवून सोडविली होती. त्या पानांचे छायाचित्र पाठविण्यास मात्र फोनमध्ये जागा नव्हती. वहीतील पाने पाहून शिक्षक काही वेळ स्तब्ध राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदवहीतील शेरे खोडले आणि चित्रफितीऐवजी लेखी उदाहरणे व दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश पाठविण्यास आरंभ केला.

शेरा लिहिण्यास क्षण पुरतो. त्याचा भार मात्र मूल वाहते. म्हणून वर्षारंभी पटनोंदणीबरोबरच घरातील फोनची एक साधी टिपणी करावी. फोन कोणाचा, तो घरी केव्हा असतो, त्यावर चित्रफीत उघडते की केवळ मजकूर, एवढे चार शब्द पुरेत. स्वाध्याय पाठविताना वर्गातील सर्वांत चांगला फोन डोळ्यांसमोर न ठेवता सर्वांत जुना फोन ठेवावा. ज्या घरी फोनच नाही, तेथे कागद व भेट यांस पर्याय नाही.

सिमकार्डावाचूनही असा फोन शाळेस उपयोगी पडतो. धावण्याच्या स्पर्धेत वेळ मोजणे, होकायंत्र म्हणून दिशा दाखविणे, फुलातील पुंकेसर मोठे करून दाखविणे, ही कामे तो करतो. परंतु सर्वांत मोलाचा उपयोग वाचनाचा आहे. जूनमध्ये मुलाचे प्रकट वाचन ध्वनिमुद्रित करावे, पुन्हा मार्चमध्ये करावे आणि दोन्ही त्यालाच ऐकवावीत. आपली प्रगती आपल्याच कानांनी ऐकलेल्या मुलास गुणांकनाचे वेगळे प्रयोजन उरत नाही. हे मुद्रण मात्र शाळेतच राहावे. मुलांचे आवाज व छायाचित्रे गटागटांतून फिरवू नयेत.

देणगी म्हणून फोन स्वीकारताना काही दक्षता घ्यावी. दात्याने प्रथम आपले गूगल खाते काढावे व मग फोन मूळ स्थितीत आणावा. अँड्रॉइड ५.१ पासून पुढच्या अनेक फोनांत, खाते न काढता पुसलेला फोन जुन्याच मालकाचा परवलीचा शब्द मागत राहतो. सुरक्षिततेच्या सुधारणा थांबलेल्या फोनवर बँकेचे अथवा पैसे देण्याघेण्याचे व्यवहार करू नयेत. निकामी फोन कचऱ्यात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.

साधन नवे असो वा जुने, त्याची मर्यादा ही विद्यार्थ्याची मर्यादा मानली जाऊ नये. ज्या मुलाचे उत्तर आले नाही, त्याच्या नावापुढे शेरा लिहिण्यापूर्वी त्याच्या घराचा उंबरठा एकदा ओलांडावा, एवढीच विनंती करून हे विवेचन येथे पुरे होते.