शिडाच्या होडीला मोटर कशाला?



मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात शिडाची होडी चालवते हे कळल्यापासून आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न येतोय, "शिडाच्या होडीला मोटर कशाला गं?" आज उत्तर देते. त्यात माझी एक चूकही सांगावी लागेल.

माझी होडी जुनी, 22 फुटी, वजन साधारण एक टन. वारा पडला किंवा होडी धक्क्याला लावायची असली, की मागे टांगलेली छोटी मोटर लागते. मी 8 अश्वशक्तीची जुनी मोटर घेतली. स्वस्त होती, आणि ताकद जास्त म्हणजे धोका कमी, असा माझा हिशोब.

एका संध्याकाळी गोल्डन गेट पुलाजवळ वारा पडला. ओहोटी जोरात होती. तिथला प्रवाह ताशी चार-साडेचार सागरी मैलांपर्यंत जातो. मोटर सुरू केली, पण दर लाटेला होडीचा मागचा भाग उचलला जायचा, पंखा पाण्याबाहेर यायचा आणि मोटर नुसतीच किंचाळायची. सोबत माझी मुलगी होती. आम्ही पुलाखालून समुद्राकडे ओढले जात होतो. शेवटी एका मासेमारी बोटीने दोर टाकून आम्हाला परत आणलं.

मोटर बिघडलेली नव्हती. तिचा दांडा 15 इंची होता आणि माझ्या होडीची मागची फळी उंच. तिला किमान 20 इंची दांडा हवा होता.

मग घरी बसून नीट हिशोब केला. अशा होडीचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले 1.34. माझी लांबी 19 फूट, म्हणजे वेग जेमतेम 5.8 नॉट. त्यापुढे कितीही जोर लावा, होडी फक्त मागून खाली बसते. टनाला चार-पाच अश्वशक्ती पुरते. विजेची मोटर शांत, पण एक किलोवॅट-तासाची बॅटरी तेवढ्याच ताकदीने चालवली तर पंधरा-वीस मिनिटांत संपते. म्हणून 5 अश्वशक्तीची, लांब दांड्याची पेट्रोल मोटर घेतली. पंखा कमी पीचचा, म्हणजे वेग कमी पण रेटा जास्त. तरीही 5.8 मधून ओहोटीचे साडेचार वजा केले तर उरतं काय? आता भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय मी निघत नाही.

सर, नववीत तुम्ही आकृती न काढता सोडवलेल्या गणिताचा अर्धा गुण कापायचात. आम्हाला राग यायचा. होडी, फळी, पाण्याची रेषा आणि पंखा एवढं कागदावर काढलं असतं, तरी माझी चूक दुकानातच कळली असती. दुसरी मोटर घेताना आधी आकृती काढली.

कुणी तिकडे आलात तर जरूर कळवा. होडीत चौघं आरामात बसतात.