टोक बसतं, दिवा लागत नाही

तुकोबांच्या पालखीचा यवतला मुक्काम असतो. पिठलं-भाकरी खाऊन मंडळी टेकली, की आमच्या ओसरीवर चार्जरची गर्दी होते. गेल्या वारीत एका आजोबांची नवी हातबॅटरी काही केल्या चार्ज होईना. पहाटे अंधारात वरवंडची वाट धरायची होती. केबल दोन्हीकडून टाइप-सी. टोक नीट बसत होतं, दिवा मात्र लागत नव्हता.

केबल चांगली होती. टाइप-सी खाचेचा चार्जर ओळख पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. ओळख म्हणजे उपकरणातले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. स्वस्त वस्तूंत नेमके तेच गाळलेले असतात. वाचतात किती, तर काही पैसे! रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या २०१९ मधल्या पहिल्या आवृत्तीतही या रेझिस्टरचीच गफलत होती.

चपट्या चौकोनी खाचेचा जुना चार्जर असलं काही विचारत नाही. पाच व्होल्ट सतत देत राहतो. म्हणून एकीकडे चौकोनी, दुसरीकडे टाइप-सी टोक असलेली केबल फेकू नका.

माझ्याकडे तशी एक सापडली. बॅटरीवर लाल ठिपका उमटला. आजोबा म्हणाले, ‘माउली, आता झोपा.’