कमाईतला वाटा आणि माणसाचा मोकळेपणा

(रावेत येथे झालेल्या हितचिंतकांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत शिक्षण निधीचा हिशेब वाचून झाल्यावर आपल्यापैकी एकांनी विचारले होते, “आपण आदिवासी मुलामुलींच्या शिक्षणाला पैसे देतो. ती शिकून चाकणला, हिंजवडीला नोकरीला लागतात. मग त्यांनी काही वर्षे पगारातला थोडा वाटा निधीला दिला, तर पुढची मुले शिकणार नाहीत का?” मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षे काढली, म्हणून उत्तर देण्याचे काम माझ्याकडे आले. माझे उत्तर ‘हो’ असेच आहे. पण त्या ‘हो’ला काही अटी आहेत, आणि त्या अटी का, हे आज सांगायचे आहे.

आधी कर्ज आणि वाटा यांतला फरक पाहू. समजा एका मुलावर आपण 1,20,000 रुपये खर्च केले. हीच रक्कम बँकेकडून 10 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतली, तर महिन्याचा हप्ता साधारण 2,550 रुपये येतो. पगार 18,000 असो की 60,000, हप्ता तोच. नोकरी सुटली तरी हप्ता चुकत नाही. वाट्याची पद्धत वेगळी. पाच टक्के ठरले, तर 18,000 पगारावर 900 रुपये आणि 60,000 पगारावर 3,000 रुपये. पगार नाही त्या महिन्यात काही नाही. जोखीम शिकणाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही, पैसे देणाराही ती उचलतो. हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

ही कल्पना मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी 1955 साली मांडली. कंपनीचे भांडवल जसे शेअर विकून उभे राहते, तसे शिक्षणाचे भांडवल माणसाच्या पुढच्या कमाईतल्या वाट्यावर उभे करता येईल, असे त्यांचे म्हणणे. मात्र लोकांना हा व्यवहार अर्धवट गुलामीसारखा वाटू शकेल, ही अडचणही त्यांनी तेव्हाच नोंदवली होती. अलीकडे आपल्या देशातही संगणक शिकवणाऱ्या काही खासगी संस्थांनी ‘आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून द्या’ अशी पद्धत आणली आहे.

आता गुलामी हा शब्द अमेरिकेत पुस्तकातला असेल. आपण ज्यांच्यात काम करतो त्यांच्या घरात तो आजोबांच्या आठवणीतला आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे ‘लग्नगडी’ पद्धत होती. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचा आणि त्यापोटी नवराबायको दोघे त्याच्या शेतावर राबायची. फिटेल तेव्हा सुटका, आणि ते फिटायचेच नाही. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली उभे राहिले तेव्हा ती पद्धत मोडली. वेठबिगारीविरुद्ध देशभराचा कायदा 1976 साली झाला. तरीही कातकरी कुटुंब पावसाळ्यात ‘उचल’ घेते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन ती अंगमेहनतीने फेडते, हे आपल्याला माहीत आहे. अशा घरातल्या बापाला आपण म्हणालो, “मुलाला शिकवतो, नंतर त्याच्या कमाईतून देईल,” तर त्याच्या कानाला ते उचलीसारखेच लागेल. त्यात त्याचा दोष नाही.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पैशाऐवजी सेवेचा वाटा म्हणा. महाराजांची दृष्टी उदार होती, आणि त्या पैशाने काय घडले ते आपण जाणतोच. 1917 साली बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्याला गेले. पण एवढ्या शिकलेल्या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावे लागले, आणि जात कळताच तिथूनही घालवले गेले. थोड्याच दिवसांत ते बडोदा सोडून निघून आले.

करारात शिकणाऱ्याने काय द्यायचे ते लिहिले होते. त्याला राहायला जागा कोण देणार, ते कोणत्याच कागदावर नव्हते. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देऊ नका. आजही मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरचा मुलगा आकुर्डीला उतरून खोली शोधतो तेव्हा त्याला गाव विचारतात, आडनाव विचारतात, अनामत मागतात. नोकरीचा पहिला पगार हाती येण्याआधी त्याचे एवढे सगळे व्हायचे असते.

तिसरे उदाहरण परदेशातले. अमेरिकेच्या येल विद्यापीठाने 1971 साली अशी योजना काढली. घेतलेल्या दर हजार डॉलरमागे कमाईचा 0.4 टक्के वाटा द्यायचा. मेख अशी, की पूर्ण गटाचे देणे फिटेपर्यंत किंवा 35 वर्षे होईपर्यंत कोणाचीच सुटका नव्हती. जादा रक्कम भरून बाहेर पडण्याची सोय मात्र होती. जास्त कमावणारे तसे बाहेर पडले, काहींनी भरलेच नाही, आणि प्रामाणिकपणे भरणारे अडकून राहिले. 1978 नंतर नवे विद्यार्थी घेणे बंद झाले, आणि 2001 साली विद्यापीठाने उरलेले देणे सोडून दिले. उलट ऑस्ट्रेलियात 1989 पासून सरकारच फीची रक्कम आधी भरते आणि विद्यार्थ्याची कमाई ठरावीक पातळीवर गेली की ती करासोबत वसूल करते. घेतले तेवढे, महागाईचा फरक धरून, फिटले की संपले. दोन्हींत फरक कशाचा? एकात शेवट दिसत नव्हता, दुसऱ्यात दिसतो.

म्हणून माझ्या चार अटी.

पहिली, शेवट दिसला पाहिजे. पाच टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षे, आणि दिले त्याहून एक रुपयाही जास्त नाही. वर सांगितलेला 60,000 पगाराचा मुलगा 40 महिन्यांत मोकळा होईल. 18,000 वाला पाच वर्षांत 54,000 देईल आणि तोही तितकाच मोकळा. उरलेली रक्कम दान समजायची. सातव्या वर्षी देणे सोडून देण्याची शिकवण पवित्र शास्त्रात आहे, आपल्याला ती नवी नाही.

दुसरी, ठरावीक पगाराच्या खाली काही घ्यायचे नाही. चाकणला कंत्राटी कामगाराचे काम मधेच सुटते. आजारपण आहे, बाळंतपण आहे. ते महिने माफ, आणि त्यांच्यामुळे मुदत वाढवायची नाही.

तिसरी, माणूस मोकळा राहिला पाहिजे. कुठे नोकरी करायची, गावी परतायचे की नाही, लग्न कोणाशी करायचे, कोणत्या उपासनेला जायचे, यातले काहीही निधीच्या हिशेबाला जोडायचे नाही.

चौथी, कागद साधा हवा. मराठीत एक पान. मुलाने ते घरी नेऊन वाचून दाखवावे, मग सही. मूळ गुणपत्रक किंवा जातवैधता प्रमाणपत्र ठेवून घ्यायचे नाही, कोरा चेक नाही, बापाचा अंगठा नाही.

शिवाय सरकारी हक्काचे ते आधी मिळवून द्यायचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. अर्ज भरायला बसवणे, कागद गोळा करणे हेही दानच आहे. निधीतून द्यायचे ते मधल्या काळासाठी: शिष्यवृत्ती खात्यात येईपर्यंतची मेस, लॅपटॉप, प्रवास.

आता एक धोका सांगतो. निधी वाट्यावरच चालू लागला, तर आपणच नकळत जास्त पगाराची मुले निवडू लागू. संगणक अभियंता पुढे, आणि परिचारिका होऊन भीमाशंकरकडच्या आपल्या गावी जाऊ पाहणारी मुलगी मागे. तिच्याकडून निधीला कमी येईल, पण डोंगरातल्या बाळंतिणीला ती मिळेल. तो परतावा आपल्या वहीत दिसणार नाही. म्हणून वाटा परत येऊ लागला तरी आपली वर्गणी कमी करायची नाही, आणि निवड करणाऱ्यांना पगाराचा अंदाज दाखवायचा नाही.

शेवटी एक विनंती. रावेतमध्ये आपल्यापैकी कितीतरी जणांचे दुसरे घर भाड्याने दिलेले आहे. त्यातली एक खोली आपल्या मुलामुलींसाठी, अनामत न घेता, पहिला पगार होईपर्यंत थांबून द्याल का? ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे नाव नोंदवावे. मुलांनी कमाईतला वाटा द्यावा असे म्हणण्याआधी आपण आपल्या जागेतला वाटा देऊ, म्हणजे त्यांच्याकडे मागताना आपल्याला संकोच वाटणार नाही.