हळू सायकल

(1979च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, डिसेंबर 2024)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'माझा छंद'. गेली नऊ वर्षं मी सायकल चालवते, हे ग्रुपवरच्या माझ्या फोटोंना कंटाळून तुम्हाला कळलंच आहे. पण छंदाकडे वळण्याआधी पिशवीतून आणलेली ही वस्तू बघा. पितळी कप आहे. त्यावर कोरलंय, 'हळू सायकल – मुली – प्रथम, 1978'.

तेव्हाचं पुणं सायकलींचं. आपल्या स्टँडवर उशिरा येणाऱ्याला जागा मिळायची नाही. निम्म्या मुली सायकलवरून येत. आपण सगळ्याच भाड्याच्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत शिकलो. तेव्हा मुलींनी सायकल चालवायला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती शर्यतीला. क्रीडामहोत्सवात मुलांना मैदानाच्या चार फेऱ्या आणि मुलींना हळू सायकल. नियम आठवतो ना? पाय टेकला की बाद, आणि जी सगळ्यांत शेवटी पोचेल ती पहिली. शेवटी येण्याचं बक्षीस आम्हाला शाळेतच मिळालं!

त्याच वर्षी दादाबरोबर मी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला खडकीला गेले होते. बोरघाट चढून आलेली ती पोरं, घामाने निथळलेली, वाऱ्यासारखी समोरून गेली. दुसऱ्या दिवशी मी क्रीडाशिक्षकांकडे गेले आणि म्हटलं, "सर, मला चार फेऱ्यांत घ्या." सर म्हणाले, "अगं, पडलीस तर तुझ्या घरी मी काय सांगू?" मी मान हलवली आणि परत आले. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांना विचारूनच हे सांगते आहे.

सायकल पुन्हा हातात घेतली तेव्हा मी 52 वर्षांची होते. गुडघे दुखायला लागले, डॉक्टरांनी सुचवलं, म्हणून घेतली. मग आधी कोण बायका शर्यतीत उतरल्या, ते वाचायला लागले आणि एका इटालियन बाईपाशी अडकले. अल्फोन्सिना स्त्राडा. शेतमजुराच्या घरातली मुलगी, जन्म 1891चा. इटलीची सर्वांत मोठी सायकल शर्यत म्हणजे 'जिरो द'इटालिया'. 1924 साली पैशांवरून वाद झाला आणि नावाजलेले संघ शर्यतीत उतरले नाहीत. लोकांचं लक्ष वेधायला संयोजकांना काहीतरी हवं होतं. त्यांनी अल्फोन्सिनाला घेतलं. म्हणजे दार उघडलं ते काही फार उदात्त हेतूने नव्हे. पण उघडलं, आणि ती आत शिरली.

बारा टप्पे, 3,613 किलोमीटर. रस्ते कच्चे, सायकली जड. निघाले 90 जण. आठव्या टप्प्यात, लाक्विला ते पेरुजा, वादळी पावसात ती पडली आणि तिच्या सायकलचं हँडल तुटलं. तिने झाडूचा दांडा बसवला आणि तशीच पुढे गेली. पोचली, पण ठरलेली वेळ उलटून गेली होती. नियमाप्रमाणे ती बाद. संयोजकांत वाद झाला आणि शेवटी ठरलं, की क्रमवारीत नाव नाही, पण पुढे जायचं असेल तर जाऊ द्या. ती गेली. मिलानला शर्यत संपली तेव्हा क्रमवारीत 30 जण उरले होते. अल्फोन्सिना त्या तिसांत नव्हती, पण पूर्ण अंतर कापून मिलानला पोचली होती. त्यानंतर संयोजकांनी तिला पुन्हा कधी घेतलं नाही. यंदा या गोष्टीला शंभर वर्षं झाली.

दुसरी बेरिल बर्टन, इंग्लंडमधल्या लीड्सची. लहानपणी संधिवाताच्या तापाने महिनोन् महिने रुग्णालयात होती. डॉक्टरांनी जोराच्या श्रमाला मनाई केली होती. ही बाई शेतावर राबून सायकल चालवायची. 1967 साली बारा तासांच्या शर्यतीत तिने 277 मैल, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर अंतर कापलं. त्याच शर्यतीत पुरुषांचा नवा विक्रम करत असलेल्या माईक मॅकनमाराला तिने गाठलं, जाता जाता ज्येष्ठमधाची गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि पुढे निघून गेली. पुरुषांना तिचा आकडा ओलांडायला दोन वर्षं लागली, बायकांना पन्नास. आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची सायकल शर्यत सुरू झाली 1984 साली. तेव्हा बेरिल 47 वर्षांची होती.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी मी 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये भाग घेतला. ही शर्यत नाही, यात पहिला-दुसरा नंबर नसतो. साडेतेरा तासांत पोचायचं, एवढाच नियम. तो बायकांना आणि पुरुषांना, विशीच्या मुलाला आणि साठीच्या बाईला एकच. मला ते फार आवडलं. पहाटे निघाले, खंबाटकी घाट चढले, साताऱ्याच्या बाजूला जाऊन परत फिरले. शिरवळच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर. टायर काढायच्या पट्ट्या वाटेत कुठेतरी पडलेल्या. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी दोन स्टीलचे चमचे पुढे केले. त्यांच्या दांड्यांनी टायर उचकटला, ट्यूब बदलली. त्यात पाऊण तास गेला. तिथेच कळलं, की आता वेळेत पोचणं होत नाही. मुलाला फोन केला असता तर तो गाडी घेऊन आला असता.

फोन हातात घेतला होता. तेव्हा मला अल्फोन्सिना आठवली नाही, खोटं कशाला सांगू? मला 1978 सालची ती मुलगी आठवली, जी एकदा विचारून परत फिरली होती. फोन ठेवला. कात्रजपर्यंत अंधारात आले. साडेतेराऐवजी तेरा तास आणि बावन्न मिनिटं लागली. यादीत नाव नाही, पदक नाही. टेबलं आवरत होती ती मुलं थांबली आणि एकाने मला केळं दिलं.

गेल्या महिन्यात सरांना भेटले आणि ही जुनी गोष्ट काढली. सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू पुन्हा का नाही विचारलंस? दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी घेतलं असतं." सर, मी यावर खूप विचार केला. तुम्ही खरंच घेतलं असतं का, ते मला माहीत नाही. कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. पण मी विचारलं नाही, हे खरं. आणि दुसऱ्यांदा विचारायची वेळ चौदा वर्षांच्या मुलीवर येऊ नये, हेही तितकंच खरं.

म्हणून मुख्याध्यापिका बाईंना एक विनंती करते. हा कप मी शाळेला परत देते आहे. हळू सायकल बंद करू नका. तोल तिथेच शिकले मी. शिरवळच्या खड्ड्यांत तोच कामाला आला. पण येत्या क्रीडामहोत्सवात चार फेऱ्यांची शर्यत मुलींसाठीही ठेवा आणि पहिली येणाऱ्या मुलीला हा कप द्या. 'हळू' हा शब्द खोडायची गरज नाही. तो वाचून तिला हसू येईल, तेवढं पुरे.

आणि बाई, एवढ्यात नाही जमलं तर सांगा. मी पुन्हा विचारायला येईन.