नर्सिंगचे अर्ज किती करावे आणि त्यापूर्वीं काय करावें
(ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं मागें वळून पाहण्याचा रिवाज आहे, व तो योग्यच आहे. ज्यांनीं ही वेदी उभारली, ज्यांनीं येथें आपणांस प्रार्थना शिकविल्या, त्यांचें ऋण आज सर्वांनीं मानलेंच आहे. परंतु उपकार मानण्याची एक रीत अशीहि आहे कीं, पुढें येणाऱ्या पिढीसाठीं आपण कांहीं नीट विचार करून ठेवावा. म्हणून आम्हांस दिलेल्या या थोड्या वेळांत आम्ही एकाच गोष्टीविषयीं बोलणार आहों. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील ज्या मुली, आणि अलीकडे कांहीं मुलगेहि, नर्सिंगच्या शिक्षणास जाऊं पाहतात, त्यांनीं अर्ज किती ठिकाणीं करावे, आणि अर्जापूर्वीं कोणत्या अटी पुऱ्या करून ठेवाव्या, हा तो विषय होय.

हा व्यवहाराचा विषय देवळाच्या अंगणांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांना आम्ही २२ जुलै २०२१ या दिवसाची आठवण देतों. सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें होतें. तळिये गांवावर डोंगर कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर सुतारवाडी येथेंहि दरडी कोसळल्या. अशा वेळीं जखम बांधणारा शिकलेला हात जवळच्याच गांवांत असणें ही केवढी गोष्ट आहे, हें आपल्या लोकांस पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. दया पुष्कळांच्या मनांत असते. परंतु शिकलेली दया वेगळी, आणि ती शिकण्याची वाट अर्जापासून सुरू होते.

परिचारिकांचे आश्रयदाते संत कामिलुस यांचेंच उदाहरण पाहा. ते १५५० सालीं जन्मले. तरुणपणीं शिपाईगिरी केली, जुगारांत सर्वस्व घालविलें, आणि पुढें रोममधील रुग्णालयांत रोग्यांची सेवा पत्करली. धर्मगुरु व्हावें असें त्यांच्या मनानें घेतलें तेव्हां त्यांना लॅटिन येत नव्हतें. मग वयाची तिशी उलटल्यावर ते लहान मुलांच्या वर्गांत जाऊन बसले, व्याकरण शिकले, आणि १५८४ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. मनांत सेवा होती म्हणून त्यांनीं अट टाळली नाहीं. अट म्हणजे अपमान नव्हे. तो दाराचा उंबरठा आहे. तो कोठें आहे हें आधीं ठाऊक असलें म्हणजे ठेंच लागत नाहीं.

तर प्रथम हे उंबरठे कोणते, तें पाहूं.

नर्सिंगच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली बी.एस्सी. नर्सिंग, ही चार वर्षांची पदवी. तिच्यासाठीं बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात. त्यांपैकीं भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांत मिळून ४५ टक्के, आणि राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण लागतात. आणि प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत वयाचीं १७ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. दुसरी वाट जी.एन.एम., तीन वर्षांची. तिला बारावी कोणत्याहि शाखेची चालते. इंग्रजी विषय व ४० टक्के गुण मात्र हवेत. तिसरी ए.एन.एम., दोन वर्षांची, मुलींसाठीं. तिलाहि बारावी पाहिजे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बी.एस्सी.चा पहिला अर्ज बारावीनंतर भरला जात नाहीं. तो दहावीच्या निकालानंतर, अकरावीचे विषय निवडतांना, नकळत भरला जातो. ज्या मुलीनें त्या दिवशीं जीवशास्त्र सोडलें, तिच्यापुढें दोन वर्षांनीं वीस महाविद्यालयांचे अर्ज ठेवले तरी त्यांतील एकहि तिच्या कामाचा नसतो. म्हणून आईबापांनो, दहावीचा निकाल हातीं येतांच मुलीस एवढें विचारा, “तुला नर्स व्हावयाचें आहे का?” तिचें उत्तर “कदाचित्” असें आलें तरी जीवशास्त्र ठेवावें. दार उघडें ठेवण्यास फार कष्ट पडत नाहींत. बंद झालेलें उघडण्यास पडतात.

ज्यांनीं कला शाखा घेतली आहे त्यांनींहि निराश होऊं नये. जी.एन.एम. ही कांहीं आडवाट नव्हे. ती पुरी करून नोंदणी झालेल्या परिचारिकेस पुढें दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करून पदवी मिळवितां येते. पोंचण्यास थोडा अधिक काळ लागतो, एवढेंच.

दुसरा उंबरठा परीक्षेचा. महाराष्ट्रांत बी.एस्सी. नर्सिंगसाठीं राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सी.ई.टी., द्यावी लागते. तिच्यांत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी व नर्सिंगची अभिरुचि असे पांच भाग, प्रत्येकीं २० प्रश्न, मिळून १०० गुण असतात. तिचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या पुष्कळ आधीं भरावा लागतो. “निकाल तर लागूं द्या, मग बघूं,” असें म्हणणाऱ्या घरांतील मुलीचें वर्ष जातें, मग तिला गुण कितीहि चांगले पडोत.

तिसरा उंबरठा कागदांचा. आपल्या दोन तालुक्यांतील मुली येथेंच अधिक अडखळतात. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि प्रवर्ग असल्यास जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर व जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून मिळतो, आणि वैधतेची पडताळणी त्याहूनहि अधिक वेळ घेते. ती अकरावीतच सुरू करावी.

येथें आपल्या समाजापुरतें एक सांगणें अवश्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांस त्या जातींच्या सवलती मिळत नाहींत. महाराष्ट्रांत त्यांचा समावेश इतर मागासवर्गांत होतो. अनुसूचित जमातींचें तसें नाहीं. कातकरी बांधव ख्रिस्ती झाला तरी जमातीचें स्थान कायम राहतें. शाळेच्या दाखल्यावर एक, आजोबांच्या कागदावर दुसरें, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींत तिसरें नांव असेल, तर तें वेळींच जुळवून घ्यावें. शेवटच्या दिवशीं अशी तफावत निघाली तर प्रवेश हातचा जातो. आणि पुराचा अनुभव असलेल्या महाडकरांस हें सांगावयास नकोच कीं, मूळ कागद उंच जागीं, प्लास्टिकच्या पिशवींत ठेवावे, व त्यांच्या प्रती मोबाइलमध्यें व डिजिलॉकरमध्येंहि असाव्या.

आतां मुख्य प्रश्न: अर्ज किती करावे?

येथें दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. एक अर्ज, दुसरी पसंती. अर्जास स्वतंत्र शुल्क, स्वतंत्र तारीख, आणि पुष्कळदां परीक्षेसाठीं स्वतंत्र प्रवास लागतो. पसंती म्हणजे सी.ई.टी. नंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेंत आपण क्रमानें लिहिलेलें महाविद्यालयाचें नांव. एकाच परीक्षेच्या आधारावर अनेक नांवें लिहितां येतात. आमचें मत थोडक्यांत असें आहे: अर्ज मोजके करावे, पसंती भरपूर द्याव्या, आणि दोन्ही खऱ्या असाव्या.

अर्ज तीन किंवा चार पुरेत. पहिला राज्याच्या सी.ई.टी.चा, तो सर्वांनीं करावा. दुसरा जी.एन.एम.चा, त्याची प्रवेशपद्धति वेगळी असल्यामुळें त्या वर्षाची जाहिरात पाहून करावा. तिसरा, घरची ऐपत असेल तर, एखाद्या अभिमत विद्यापीठाचा. अशीं विद्यापीठें पनवेलजवळ कामोठ्यास आहेत, घाटावर कराडास आहेत, व त्यांचें शुल्क आधीं विचारून घ्यावें. चौथा, मुलीची इच्छा व प्रकृति असेल तर, सैन्यदलाच्या नर्सिंगचा. पुण्याचें सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय व मुंबईची अश्विनी येथें ही सोय असून त्यासाठीं नीट परीक्षा द्यावी लागते. याहून अधिक ठिकाणीं धांवल्यानें संधि वाढते असें वाटतें. पण प्रत्येक नव्या अर्जासरशीं अभ्यासाचे दिवस कमी होतात व एखादी तारीख हुकते.

पसंतीच्या यादींत मात्र कंजूषी करूं नये. दोनच नामांकित नांवें लिहून बसणारी मुलगी रिकाम्या हातीं परत येते. परंतु प्रत्येक नांवापुढें तीन प्रश्न विचारावे. येथें जागा मिळाली तर आपण खरोखर जाऊं का? चार वर्षांचें शुल्क, वसतिगृह व जेवण आपल्यास झेपेल का? आणि पावसाळ्यांत आंबेनळी घाट बंद झाला, महामार्गावर गाड्या अडकल्या, तर मुलगी तेथें सुरक्षित राहील का? तिन्हीचें उत्तर “होय” असेल तें नांव यादींत राहो. नसेल तें निघो. पोलादपूरच्या मुलीस चिपळूण तालुक्यांतील डेरवण सोईचें पडेल, तर जिची मावशी मुंबईस आहे तिला मुंबई. शेजारणीची यादी उतरून घेऊं नये.

क्रम लावतांना “हें मिळणार नाहीं” म्हणून आवडीचें नांव खालीं ढकलूं नये. गुणवत्तेप्रमाणें आपली पाळी आली म्हणजे आपली यादी वरून खालीं पाहिली जाते, आणि जेथें जागा मोकळी असेल तें पहिलें नांव मिळतें. तेव्हां खरी आवड वर लिहिल्यानें कांहीं बिघडत नाहीं. मिळालेली जागा घेतली किंवा नाकारली तर पुढच्या फेरींत काय होईल, याचे नियम मात्र त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेंतच वाचावे. गेल्या वर्षाच्या ऐकीव गोष्टीवर विसंबूं नये.

पैशाचा प्रश्नहि येथेंच जोडलेला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींस मान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिकवणीचें व परीक्षेचें शुल्क माफ झालें आहे. परंतु त्यासाठीं प्रवेश केंद्रीय प्रक्रियेंतून व्हावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यांतील जागेस ही सवलत नाहीं. म्हणून “थेट जागा देतों, परीक्षेची यातायात कशाला,” असें सांगणाऱ्या मध्यस्थाच्या शब्दावर जमीन गहाण ठेवूं नका. आधीं महाविद्यालयास भारतीय परिचर्या परिषदेची व राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं हें पाहा. पदवी असेल तर विद्यापीठाची संलग्नता पाहा. आणि रोग्यांनीं भरलेलें रुग्णालय त्यास जोडलेलें आहे का, हें स्वतः जाऊन पाहा. रोगी नसलेल्या ठिकाणीं नर्स कशी घडणार?

अर्ज भरतांना मुलीचाच मोबाइल क्रमांक द्यावा, दुकानदाराचा देऊं नये. परवलीचा शब्द घरच्या वहींत लिहून ठेवावा. गोष्ट क्षुल्लक दिसते, पण जागा मिळाल्याचा निरोप परक्याच्या मोबाइलवर गेला तर तो वेळेवर पोंचेल याची खात्री कोण देणार?

शेवटीं आम्ही धर्मग्रामास एक विनंती करतों. आपल्यांत ज्या भगिनी आज रुग्णालयांत काम करीत आहेत, त्यांनीं वर्षांतून एक रविवार मिस्सेनंतर दहावी-बारावीच्या मुलांमुलींस द्यावा. कोणी दाखले तपासावे, कोणी यादी वाचावी, कोणी सी.ई.टी.च्या इंग्रजीचे चार धडे घ्यावे. ज्या घरांतून आजवर कोणीहि महाविद्यालयांत गेलें नाहीं, त्या घरच्या मुलीस पैशाच्याहि आधीं वाट दाखविणारें माणूस लागतें, आणि तें माणूस देणें आपणां सर्वांच्या हातीं आहे.

संत कामिलुस यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपल्या मुलांमुलींच्या बुद्धीस व हातांस आशीर्वाद देवो, आणि पुढच्या ज्युबिलीच्या वेळीं महाड-पोलादपूरच्या रुग्णालयांत आपल्याच घरच्या परिचारिका रोग्यांच्या उशाशीं उभ्या असोत, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.