घाबरट हॅम्स्टर आणि तो सापडेपर्यंतच्या दोन रात्री

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



आजचा भाग हॅम्स्टर पाळणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरी धाकट्या भावंडांनी "मला हॅम्स्टर पाहिजे" म्हणून हट्ट धरलाय, त्यांच्यासाठीही आहे. आणि समजा तुमचा हॅम्स्टर आत्ता, या क्षणी घरात कुठेतरी हरवलाय आणि म्हणून तुम्ही हे ऐकताय, तर थांबा, आधी तीन कामं करा. एक, तो ज्या खोलीत शेवटचा दिसला तिचं दार लावा आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबा. दोन, बाथरूमच्या आणि मोरीच्या जाळीवर भरलेली बादली ठेवा. तीन, घरात उंदरांसाठी चिकट पॅड किंवा औषध ठेवलं असेल तर ते आधी उचला. झालं? आता बसा आणि ऐका.

मागच्या पावसाळ्यात माझा लाडू हरवला होता. लाडू म्हणजे सिरियन हॅम्स्टर, दुकानात दिसतो ना तो सोनेरी, गुबगुबीत, तोच. त्या गोष्टीकडे येतोच, पण तिची सुरुवात तो घरी आला त्या दिवशीच झाली होती.

पहिल्या दिवशी मी काय केलं? जे सगळे करतात तेच. खोकं उघडलं, हात घातला, वरून उचललं, फोटो काढला. मग बहिणीने घेतला, मग शेजारच्या पोरांनी. पाचव्या हातात गेल्यावर लाडूने कडकडून चावा घेतला. बोटातून रक्त आलं आणि आई म्हणाली, "उंदीर तो उंदीरच." मी पण वैतागलो. हा असा कसा, मी ह्याला एवढ्या हौसेने आणला आणि हा मलाच चावतो!

पण जरा त्याच्या बाजूने बघा ना. हॅम्स्टर हा शिकारी नाही, शिकार होणारा प्राणी आहे. रानात त्याच्यावर झडप पडते ती वरून, घुबडाची नाहीतर ससाण्याची. त्यामुळे वरून येणारा हात त्याच्यासाठी हात नसतोच, पंजा असतो. त्याला दिसतंही कमी. जग कळतं ते वासाने, कानाने आणि मिशांनी. उंचीचा अंदाज त्याला जवळजवळ येत नाही, टेबलाच्या कडेवरून तो सरळ पुढे चालत जाऊ शकतो. आणि तो रात्रीचा प्राणी आहे. दुपारी दोन वाजता त्याला उठवणं म्हणजे तुम्हाला कुणी रात्री अडीचला अंगावरचं पांघरूण ओढून उचलण्यासारखं आहे. तुम्ही पण चावाल!

मग काय करायचं? मी जे उशिरा शिकलो ते क्रमाने सांगतो.

नवीन हॅम्स्टर आणल्यावर पहिले तीन-चार दिवस त्याला हात लावायचाच नाही. दाणा-पाणी द्यायचं आणि संध्याकाळी पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात काहीतरी बोलायचं. मी तर अभ्यासाच्या नोट्स वाचून दाखवायचो. त्याला तुमचा आवाज ओळखीचा झाला पाहिजे, बास. एक साधा टिश्यू पेपर तासभर बाहीत ठेवा आणि मग त्याच्या बिछान्याजवळ टाका. तो तो टिश्यू फाडून घरट्यात नेईल, आणि तुमचा वास त्याच्या घरातला वास होऊन जाईल.

त्यानंतर हात. आधी हात धुवा, पण उग्र वासाच्या साबणाने नको. बोटांना चिवड्याचा वास असेल तर तो बोटालाच चिवडा समजणार, त्यात त्याची काही चूक नाही. तळहात उघडा ठेवून पिंजऱ्याच्या तळाशी टेकवा, त्यावर सूर्यफुलाची एक बी ठेवा आणि हलू नका. पहिल्या दिवशी तो येणार नाही. दुसऱ्या दिवशी बी उचलून पळेल. कधीतरी तळहातावर बसूनच ती गालात भरेल. त्याच्या गालांत पिशव्या असतात ना, तिथे तो अख्खा डबा भरून घेतो. ज्या दिवशी तो तुमच्या हातावर बसून तोंड पुसायला लागेल, अंग चाटून साफ करायला लागेल, त्या दिवशी समजा की पास झालात. आणि उलट, कान मागे दाबले, जागच्या जागी गोठला, दात वाजवले किंवा उताणा पडून किंचाळला, तर त्या दिवशीचा तास संपला. हात हळू मागे घ्यायचा, नाराज व्हायचं नाही.

फारच घाबरट असेल तर एक सोपी युक्ती आहे, कप. एक जुना चहाचा मग पिंजऱ्यात आडवा ठेवा, आत एक दाणा टाका. तो आपणहून आत शिरतो. मग मग अलगद सरळ करून उचलायचा आणि जमिनीवर बसूनच मांडीत उतरवायचा. जमिनीवर का? कारण तो उडी मारणार. उभं राहून हातातून पडला तर पाय मोडू शकतो. लाडूसाठी मी निळा, कान तुटलेला मग ठेवला होता. हा मग लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

आणि चावलाच तर? झटकू नका, तो लांब फेकला जाईल. हात खाली टेकवा, तो सोडतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली चांगली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. इंजेक्शन लागेल की नाही ते त्यांना ठरवू द्या, गुगलला नको.

आता ती रात्र. पाऊस सुरू होता. साडेबाराच्या सुमारास मी लाडूची पाण्याची बाटली भरली आणि पिंजऱ्याचं छोटं दार लावलं. म्हणजे मला वाटलं की लावलं. क्लिप बसलीच नव्हती. सकाळी बघतो तर चाक थांबलेलं, घरटं गार.

पोटात कसा गोळा येतो ते ज्याचं त्याला माहीत. त्यात आमच्याकडे पावसाळ्यात उंदीर येतात म्हणून आईने आदल्याच दिवशी सिलिंडरच्या मागे चिकट पॅड ठेवला होता. मी स्वयंपाकघरात धावलो. पॅड रिकामा होता. मी तिथेच खाली बसलो. आईने काही न बोलता पॅड उचलला, घडी घातली आणि कचऱ्यात टाकला.

मग मी पहिला मूर्खपणा केला. घरभर हाका मारत सोफे ओढायला लागलो. मंडळी, सोफा ओढायचा नाही! हॅम्स्टर खालच्या कापडात शिरलेला असू शकतो. उचलायचा, तोही दोघांनी. बॉक्स बेड, दिवाण हळू उघडायचे. वॉशिंग मशीन लावण्याआधी आतले कपडे एकेक करून काढायचे. बूट झटकायचे. फ्रिजच्या मागे उबदार असतं, तिथे बघायचं. घरात मांजर असेल तर तिला एका खोलीत बंद करायचं. घरातल्या प्रत्येकाला सांगायचं की खाली बघून चाला, बसताना गादी चाचपून बसा. हॅम्स्टर सहसा भिंतीच्या कडेकडेने चालतो, त्यामुळे शोधही कडेकडेनेच घ्यायचा.

दिवसा तो झोपलेला असणार, म्हणून खरं काम रात्री. झोपण्याआधी मी प्रत्येक खोलीत मोजून १० सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. दारांच्या उंबऱ्याशी तांदळाच्या पिठाचा पातळ थर पसरला. बाटलीच्या झाकणात पाणी ठेवलं, कारण बाहेर फिरणाऱ्या हॅम्स्टरला भुकेपेक्षा तहानेचा धोका जास्त. सकाळी हॉलमध्ये १० बिया, बेडरूममध्ये १०, स्वयंपाकघरात ३. आणि पिठात एवढी एवढीशी पावलं, फ्रिजकडून गव्हाच्या कोठीकडे गेलेली. मी ओरडलोच. लाडू जिवंत होता!

अजून एक उपाय सांगतो, बादलीचा. बादलीच्या तळाशी टॉवेल आणि त्याच्या घरट्यातला थोडा बिछाना घालायचा, वर काकडीचा तुकडा. बाहेरून पुस्तकांच्या पायऱ्या रचायच्या. वासाने तो चढतो, आत उतरतो आणि गुळगुळीत भिंतीमुळे परत वर येऊ शकत नाही. बादली फार उंच नको आणि आत पाणी अजिबात नको, एवढं बघा. बऱ्याच जणांचे हॅम्स्टर असे सापडतात.

आमचा बादलीत गेला नाही. दुसऱ्या रात्री मी स्वयंपाकघराचं दार लावून अंधारात जमिनीवर बसलो. आई आली आणि माझ्या शेजारी पाटावर बसली. "तुला सकाळी उठायचंय ना," म्हटलं, तर म्हणाली, "गप्प बस, तो येणार नाही नाहीतर." एक वाजून गेल्यावर कोठीच्या मागे खसखस झाली. मिशा दिसल्या, मग लाडू. माझ्यापासून दीड हातावर. खरं सांगतो, झडप घालायची इतकी इच्छा झाली होती! पण झडप घातली असती तर तो पुन्हा कोठीमागे गेला असता, आणि यावेळी आणखी आत. मी तो निळा मग आडवा करून जमिनीवर ठेवला आणि हलकेच त्याच्याशी बोलायला लागलो, तेच नोट्सवालं बोलणं. तो थांबला, हवेत वास घेतला आणि चालत चालत मगात शिरला.

आईच्या तोंडून "आला गं बाई" असं निघालं. उंदराला!

आता एक मजेशीर खरी गोष्ट. १९३० साली इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पो शहराजवळ शेतातल्या बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यातली काही पिल्लं पिंजऱ्याचं लाकूड कुरतडून पळाली. जी थोडी उरली त्यांच्यापासून आज घरोघरी असलेले जवळपास सगळे सिरियन हॅम्स्टर आलेत. म्हणजे शास्त्रज्ञांच्या हातूनही ते सुटलेत. तुमच्या हातून सुटला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही, आणि तो पळाला म्हणजे तुमच्यावर रागावला असंही नाही. रात्री मैलोन्‌मैल हुंदडणारा प्राणी तो. दार उघडं दिसलं, निघाला.

म्हणून दारं बघा. सिरियनसाठी गजांमधली फट साधारण १ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, बुटक्या जातींसाठी त्याहूनही कमी. क्लिपा ओढून बघा, रोज. आत कुरतडायला लाकूड आणि बीळ करायला वीतभर खोल बिछाना द्या, आणि चाक एवढं मोठं द्या की पळताना पाठ वाकणार नाही. करायला काम असलेला हॅम्स्टर गज कमी कुरतडतो. सापडल्यावर लगेच लाड करू नका. पाणी द्या, पाय आणि दात बघा, अंधारात झोपू द्या. सुस्त वाटला, लंगडला किंवा काही विषारी खाल्ल्याची शंका आली तर थांबू नका, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि कधीकधी तो सापडत नाही. हेही सांगायला हवं. काही दिवस दाणे ठेवत राहा, शेजाऱ्यांना सांगा, आठवड्याने सापडलेले हॅम्स्टरही असतात. पण नाहीच सापडला तर रडू आलं तर रडा. "एवढासा तर होता" असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. स्वतःला मात्र रोज शिक्षा करू नका.

लाडू आता माझ्या शेजारीच आहे, मागे चाकाचा आवाज येतोय ना, तोच. क्लिप मी रात्री एकदा तपासतो. माझ्यानंतर आई तपासते, मला न सांगता.

तुमच्याकडे असा कुणी घाबरट जीव असेल तर आज रात्री फक्त एक करा. त्याच्याजवळ जमिनीवर बसा, तळहातावर एक बी ठेवा आणि वाट बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!