संगणकाचे घड्याळ कोणाच्या भरवशावर?



रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी गलबतातून पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाट चढून देशावर जाई. गलबत केव्हा सुटणार हे तांडेल सांगे आणि तांडेलास ते भरती सांगे. खाडीची वेळ हीच सर्वांची वेळ होती व तीबाबत कोणाची तक्रार नसे. त्याच पनवेल परिसरात जुलै २०२० मध्ये योट्टा या कंपनीचे एक विशाल डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत हजारो संगणक अहोरात्र चालतात. बँका, कंपन्या आणि कार्यालये यांचा कारभार त्यांवर सोपविलेला असतो. या संगणकांनी वेळ कोणास विचारावी, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा वाटतो. परंतु त्याचे परिणाम ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येतात, म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे.

ई-निविदेचेच उदाहरण घ्यावे. शासकीय निविदा पोर्टलाच्या सूचनांमध्ये असे स्पष्ट नमूद असते की, निविदा सादर करण्याच्या मुदतीसाठी सर्व्हरवर दिसणारी वेळच प्रमाण मानली जाईल. ठेकेदाराचे मनगटी घड्याळ किंवा पंचायतीच्या भिंतीवरील घड्याळ येथे पुरावा ठरत नाही. सर्व्हरचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असेल, तर वेळेत आलेला माणूस उशिरा आलेला ठरतो. त्याला आपली बाजू मांडण्यास साधनही उरत नाही, कारण त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा आणि निकाल देणारा एकच असतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाची मुदत, बँकेचा व्यवहार या सर्वांची हीच गत आहे. फसवणुकीच्या तपासात तर अडचण आणखी वाढते. दोन सर्व्हरांच्या नोंदींतील वेळा जुळत नसतील, तर आधी काय घडले आणि नंतर काय, हेच ठरविता येत नाही.

आता सर्व्हर म्हणजे तरी काय? पूर्वी एक पेटी म्हणजे एक संगणक असे समीकरण होते. आज एका बलाढ्य संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. चाळीचा दृष्टांत येथे चपखल बसतो. इमारत एक आणि बिऱ्हाडे अनेक; फरक एवढाच की, येथील प्रत्येक बिऱ्हाडकरूस आपण स्वतंत्र बंगल्यात राहतो असेच वाटत असते. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, कारभार वेगळा. पाणी, वीज आणि जागा वाटून देणारा चाळमालक मात्र एक असतो. या मालक-प्रणालीला हायपरव्हायझर असे नाव आहे. बिऱ्हाडकरूजवळ खरे घड्याळ नसते. मालक दाखवील तेच त्याचे घड्याळ.

जुनी पद्धत अशी होती की, संगणकातील एक लहानसे यंत्र दर सेकंदास शंभर किंवा हजार इशारे देई आणि ऑपरेटिंग सिस्टीम ते मोजून वेळ ठरवी. आपल्याकडील घटिकापात्राचे तत्त्व हेच. पाण्याने भरलेल्या घंगाळात भोक असलेली तांब्याची वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. लग्नघरी मुहूर्त साधण्यासाठी पात्राजवळ एक जाणता माणूस बसवीत, कारण वाटी बुडाली तरी ती बुडाल्याचे पाहणारा जागा हवा. त्यास डुलकी लागली तर घटिका हरवते.

व्हर्च्युअल मशीनला अशी डुलकी वारंवार लागते, आणि तीही तिच्या इच्छेने नव्हे. मालक-संगणकावर कामाचा भार वाढला की एका बिऱ्हाडाचे काम क्षणभर थांबवून दुसऱ्याचे केले जाते. थांबलेल्या मशीनला त्या काळातील इशारे ऐकू येत नाहीत व तिचे घड्याळ मागे पडते. पुढे साचलेले इशारे एकदम पोहोचविले, तर तेच घड्याळ धावू लागते. मशीन काही काळ गोठवून ठेवली, अथवा चालू स्थितीतच एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविली, तर घोटाळ्यास आणखी एक वाट मिळते. रात्री गोठविलेली मशीन सकाळी जागी झाली आणि कोणी तिला वेळ सांगितली नाही, तर तिच्या लेखी अजून रात्रच असते.

म्हणून इशारे मोजण्याऐवजी सतत पुढे सरकणारा एखादा मोजक वाचावा, ही पद्धत रूढ झाली. अशा मोजकास क्लॉक सोर्स म्हणतात. ते अनेक आहेत आणि सर्व सारखे विश्वासार्ह नाहीत. एसीपीआय टायमर सेकंदास सुमारे ३५ लक्ष ८० हजार ठोके मोजतो. एचपीईटी त्याहून वेगवान आहे. दोघेही प्रामाणिक, पण व्हर्च्युअल मशीनमधून त्यांना विचारावयाचे तर प्रत्येक वेळी मालकाच्या दारी जावे लागते. सेकंदाला हजारो वेळा वेळ पाहणाऱ्या कामास ही ये-जा परवडत नाही.

तिसरा मोजक प्रोसेसरच्या आतच असतो. त्याचे नाव टीएससी. १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरपासून तो आहे आणि वाचावयास अत्यंत जलद आहे. परंतु त्याचा पूर्वेतिहास फारसा चांगला नाही. वीज वाचविण्यासाठी प्रोसेसरची गती कमी झाली की जुन्या टीएससीची गतीही बदले. आणि एकाहून अधिक प्रोसेसर असले की त्यांचे आकडे आपसांत जुळत नसत. अलीकडील प्रोसेसरांत ही गती स्थिर ठेवलेली असते. तरीही व्हर्च्युअल मशीन निराळ्या गतीच्या संगणकावर हलविली, तर जुना हिशोब नव्या ठिकाणी चुकू शकतो. नव्या प्रोसेसरांत त्यावरही उपाय आहे, मात्र तो आहे असे गृहीत धरू नये.

सामंजस्याचा मार्ग असा की, घरमालकानेच एका सामायिक पानावर लिहून ठेवावे: अमुक आकडा असताना वेळ अमुक होती आणि आकड्याचे सेकंदांत रूपांतर या प्रमाणाने करावे. बिऱ्हाडकरूने ते पान वाचून स्वतः गणित करावे. दार ठोठावण्याची गरज नाही. केव्हीएम या हायपरव्हायझरवर लिनक्स चालविताना यास केव्हीएम-क्लॉक म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्येही अशीच सोय आहे. सर्वसाधारण कार्यालयीन कामासाठी हायपरव्हायझरने देऊ केलेले हे घड्याळच स्वीकारणे शहाणपणाचे. टीएससी थेट वापरावयाचा असल्यास त्याच्या स्थिरतेची हमी सेवा देणाऱ्याकडून लेखी घ्यावी. उरलेले दोन अडीअडचणीपुरते ठेवावेत.

मात्र मोजक कितीही उत्तम असला तरी तो फक्त किती काळ गेला एवढेच सांगतो. आता किती वाजले, हे बाहेरून कळावे लागते. एके काळी आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे ठोके ऐकून घरोघरी घड्याळे लावीत. संगणकांसाठी तेच काम एनटीपी ही व्यवस्था करते. भारतीय प्रमाणवेळेचे जतन नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने करते. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, हेही ही सेवा पुरविते, आणि तिच्या सर्व्हरला 'समय' असे सुरेख नाव देण्याची रसिकता तेथे कोणी तरी दाखविली आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटरे, कंपन्या आणि शासकीय संस्था यांनी आपली घड्याळे या दोहोंपैकी एकाशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळविणे बंधनकारक आहे.

येथे एक सावधगिरी हवी. घड्याळ दुरुस्त करणारा एकच असावा. हायपरव्हायझरचे साधन एकीकडे ओढते व एनटीपी दुसरीकडे, असे झाले तर घड्याळ मागेपुढे उड्या मारते. मुंबईने हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. रेल्वे मद्रास वेळेने चाले आणि शहर आपल्या सूर्याने. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांस मद्रास वेळ लावली, तेव्हा लोकांनी इतका विरोध केला की अखेर हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ शहरात पुढे कित्येक वर्षे टिकून होती. भेट ठरविताना कोणत्या वेळेने, हे विचारूनच घ्यावे लागे. माणसे विचारू शकत होती. संगणक विचारत नाही, तो नोंद करून मोकळा होतो.

संगणक सेवेचा करार करणाऱ्या अधिकाऱ्याने यातील सर्व तपशील जाणण्याची आवश्यकता नाही. मशीनचा क्लॉक सोर्स कोणता, एनटीपी कोणत्या सर्व्हरशी जोडले आहे, आणि मशीन गोठवून पुन्हा सुरू केल्यावर वेळ आपोआप सुधारते काय, ही तीन उत्तरे कराराच्या कागदांत असावीत. लिनक्समध्ये पहिले उत्तर एका लहानशा फाईलमध्ये लिहिलेले असते. तंत्रज्ञाने ती उघडून दाखविण्यास मिनिटही लागत नाही; टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजावे. शाळेतील शिक्षकांना अर्ज भरून देण्याचे, तर सदस्यांना निविदेवर लक्ष ठेवण्याचे काम पडते. त्यांनी मुदतीच्या दिवशी भिंतीकडे न पाहता पोर्टलाच्या पडद्यावरील वेळ पाहावी, आणि ती प्रमाणवेळेशी जुळत नसल्यास त्या पडद्याचे चित्र जपून ठेवून संबंधित कार्यालयास त्याच दिवशी लेखी कळवावे.